बांबूला नेलपॉलिश

आमच्या परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी, बांबूचं बेट आहे. ते माझ्या बायकोने लावलं. असं बेट आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तिची एक पद्धत होती. दरवर्षी नवे कोंब वाढून उंच झाले की त्यांना कमरेच्या उंचीवर नेलपॉलिशचं एकेक कडं काढायची. दर वर्षाचा रंग वेगळा. म्हणजे कोणता बांबू कधीचा ते नुसतं बघून कळायचं. तीन वर्षांपेक्षा जुना असेल तो कापायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही, कारण नव्या कोंबांना तेच पोसतात. "माझ्या नखांना कधी लागलं नाही एवढं या पोरांना लागतं," म्हणायची. वर्षाला एक बाटली पुरायची. गेल्या वर्षी तिने चंदेरी कडी काढली आणि थंडी सरायच्या आत ती गेली.

यंदा बेट फार दाटलं. बांबू एकमेकांना घासत होते, आत हवा जात नव्हती. अशा वेळी विरळणी केली नाही तर नवे कोंब येतात ते बोटाएवढे आणि वाकडे. मी करवतीला धार लावून ठेवली.

त्याच आठवड्यात लेक राहायला आली. मी बाजारातून परत येऊन बघतो तर सगळ्या बांबूंना लालभडक कडी. आधी तिने जुने रंग पॉलिशपेपरने घासून काढले होते, बुंधे ओल्या फडक्याने पुसले होते.

"आईचा आवडता रंग," ती म्हणाली. "जुन्याचे नुसते पोपडे निघत होते हो, बाबा. छान दिसतंय ना?"

छानच दिसत होतं. मी पायरीवर बसलो.

चुकीचा कापला तर तिच्या हातची शेवटची चंदेरी कडीवाली पोरं जाणार. नाही कापलं तर सगळं बेट गुदमरणार. हे सांगितल्यावर लेकीचं तोंड एवढंसं झालं.

धाकटा मेहुणा मदतीला आला होता. तो म्हणाला, "दाजी, डोळे मिटून कापा. बांबूच आहेत, परत येतील."

"तुझ्या बहिणीने लावलेलं डोळे मिटून कापू?"

"मग काय, जन्माचे दाखले मागवायचे त्यांचे?"

मी उठलो आणि अवजारांच्या पेटीतून पाना आणला. जन्मभर गॅरेजमध्ये काम केलंय. गाडी आत येतानाच कोणतं बेअरिंग गेलंय ते मला ऐकू यायचं. पण बांबूचं ऐकायला तिने शिकवलं. कडं दिसत असलं तरी कापण्याआधी ती त्यावर टकटक करायची आणि मला हाक मारायची, "अहो, इंजिनाचं ऐकता ना, तसं ऐका." जुना खणखणीत वाजतो. कोवळा बद्द वाजतो, भरलेल्या डब्यासारखा.

मी एकेकाला टोला देत गेलो. मधल्या वयाचे अवघड होते, त्यांच्याकडे दोनदा परत आलो. मेहुणा मागे उभा राहून म्हणाला, "डॉक्टर, पेशंट वाचेल का?" पण पुढे तोही कान देऊन ऐकायला लागला.

पहिला निवडला आणि जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर कापला. खाली उरलेल्या खुंटात पाणी साचू नये म्हणून तसंच कापायचं असतं. काप कोरडा, जाड, दगडासारखा. मेहुण्याने अंगठा फिरवून बघितला. "म्हातारा आहे," म्हणाला. मग आम्ही थांबलो नाही.

शेवटी भिंतीला चिकटलेला एक राहिला. खिडकीवर झुकत होता, म्हणून मेहुण्याने करवत लावली.

"तो नको," मी म्हणालो. "तो तिचा. गेल्या वर्षीचा."

"एवढी खात्री?"

"बद्द वाजतोय."

लेकीने बांबू आणि भिंत यांच्या फटीत बोटं घातली. पॉलिशपेपर तिथे पोचला नव्हता. तिने मोबाइलच्या उजेडात वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"चंदेरी आहे, बाबा," ती म्हणाली.

मेहुण्याने करवत खाली ठेवली. "ताईने गडी बरा तयार केलाय," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने माझं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही अर्धं बहिणीचं. मला चाललं.

तो बांबू दोरीने मागे ओढून बांधला. पुढे कोंब आले ते मनगटाएवढे, सरळसोट. एवढे जाड तिच्या वेळीही आले नव्हते. ती असती तर मान्य केलं नसतं.

परवा मी नेलपॉलिश आणायला गेलो. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "नातीसाठी का, काका?"

"बांबूसाठी," मी म्हणालो. "हिरव्यावर उठून दिसेल असा रंग द्या. आणि दोन बाटल्या द्या, यंदा एका बाटलीत भागायचं नाही."