सेनापतीचा दुसरा डोळा

आमच्याकडे चर्चच्या भिंतीवर भल्या माणसाला दोन डोळे असतात आणि पाप्याला एकच. पापी एका बाजूने काढायचा, ही रीत वडिलांनी मला ब्रश हातात देण्याआधी शिकवली.

राजधानीत, अदिसमधल्या पार्टीच्या सभागृहासाठी मी विजयाचं चित्र काढलं ते अगदी मॉडर्न. त्रिकोणी डोकी, पत्र्यासारखे कापलेले हात, भडक लाल आकाश. पण सेनापती आणि त्याचे अधिकारी एका डोळ्याचे. त्यांच्या पायाशी मेलेली पोरं, आमची आणि उत्तरेतल्या बंडखोरांचीही, सगळी दोन डोळ्यांची. मुद्दामच! माझ्या धाकट्या भावाला, तिलाहूनला, भर बाजारातून ट्रकमध्ये कोंबून लढाईवर नेलं होतं. दोन वर्षं झाली, पत्ता नाही. तेव्हापासून माझं डोकं तापलेलंच होतं.

पार्टीचा अधिकारी बेलाचेव चित्र बघायला आला.

"येशी, मला दूधखुळा समजतेस? मीही आजीचा हात धरून चर्चमध्ये जायचो. सेनापतीला दुसरा डोळा काढ."

"मॉडर्न आहे, कॉम्रेड."

"चुलीत घाल तुझं मॉडर्न!"

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या आईलाच बोलावून आणलं. "मावशी, पोरीला समजवा. डोळा काढला की तिलाहून सणाला घरी. माझा शब्द."

आईने त्या मेल्याचे गुडघे धरले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढ गं बाई," आई म्हणाली. "एका डोळ्याने तुझं काय जातंय?"

तिच्यासाठी मी ब्रश रंगात बुडवला.

"कुठल्या छावणीत आहे तो?" आईने त्याला विचारलं. "वाळवलेलं मांस पाठवते. त्याला आवडतं."

बेलाचेव खिडकीकडे वळला. "आहे तिकडेच, उत्तरेत. बरा आहे."

"माझ्याकडे बघून सांग."

"मावशी, आता..."

"बघ म्हणते ना!"

त्याने बघितलं नाही. आईने त्याचे गुडघे सोडले.

आमच्यात मरणाची खबर आल्याशिवाय रडता येत नाही, दारात दुखवट्याचा मांडव पडत नाही, आणि हे हरामखोर खबरच देत नव्हते. आईने छाती बडवून असा हंबरडा फोडला की वरच्या मजल्यावरचे कारकून धावत खाली आले.

मग ती माझ्याकडे वळली.

"ब्रश आहे ना हातात? ह्याला पण उभा कर त्या सेनापतीच्या रांगेत."

बेलाचेव खिडकीशी तसाच, माझ्याकडे एक बाजू करून उभा होता. मी काढायला घेतलं.