डावऱ्याची साखळी

माझ्या भावाचं खरं नाव लेओकादिओ. ते फक्त बँकवाल्यांना आणि वकिलांना माहीत. बाकी आमचं अख्खं सान पेद्रो गाव त्याला डावरा म्हणतं. त्या डाव्या हाताने त्याने अमेरिकेत वर्षानुवर्षं बेसबॉलचा चेंडू फेकला, आणि तिकडच्या भल्याभल्यांच्या बॅटा हवेतच फिरत राहिल्या. पैसा असा आला की विचारू नका! पहिल्या सुट्टीला घरी आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात त्याने फ्रीज नेऊन ठेवला. गल्लीत वीज धड नसायची. निम्म्या बायकांनी त्यात कपडे ठेवले आणि देवाकडे त्याच्यासाठी प्रार्थना केली.

मागणाऱ्याला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही, आणि आमच्या लोकांना मागायची लाज नाही. चुलतभावाला पेट्रोलपंप, मित्राला बसगाड्या, बायको मायामीत, तिचा वकील मायामीत. मी ओरडून ओरडून घसा बसवला. "अगं ताई, हात आहे तोवर पैसा आहे," म्हणायचा. मग खांदा गेला. ऑपरेशनं झाली, खांदा परत गेला. त्याच्यामागोमाग मित्र, पंप, बायको, सगळं गेलं. मेल्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

राहिलं होतं ते टेकडीवरचं घर. पांढरे खांब, संगमरवरी ओटा, मागे पोहण्याचा तलाव. ते विल्फ्रिदोशेठने घेतलं. हा तोच विल्फ्रिदो, ज्याने माझ्या भावाला पोरवयात उसाच्या मळ्यातून उचललं, तयार केलं, अमेरिकन संघाला दिलं आणि आपला वाटा कापून घेतला. आता त्याची बेसबॉलची अकादमी आहे. घर घेताना म्हणाला, "डावऱ्या, तू कुठे जाणार? मागच्या दोन खोल्यांत राहा ना. बहिणीलाही राहू दे. फक्त रविवारी सकाळी ओट्यावर बसायचं."

तर दर रविवारी विल्फ्रिदोकडून आमच्याकडे सोन्याची जाड साखळी डबीतून येते. ती गळ्यात घालून माझा भाऊ वेताच्या खुर्चीत बसतो. आईबाप पोरांना घेऊन टेकडी चढून येतात, घर बघतात, साखळी बघतात आणि पोराला शाळेतून काढून विल्फ्रिदोच्या हवाली करतात. दुपारी साखळी डबीत परत. या दोन खोल्यांचं भाडं ते हेच.

साखळी मी घालते. शर्टही मीच घालून देते, बटणांचा. डोक्यावरून घालायचा शर्ट त्याने कित्येक वर्षांत घातलेला नाही, कारण डावा हात छातीच्या वर जातच नाही.

"ताई, हळू गं. मान आहे ती, घराचा खांब नाही."

"गप बस. खांब परवडला, तो कुरकुरत तरी नाही."

त्या रविवारी असंच चाललं होतं. मी कॉफीचे पेले घेऊन बाहेर आले, तर रांगेत माझीच मुलगी, नोएमी. शिलाईच्या कारखान्यातून रात्रपाळी करून तशीच आलेली, आणि सोबत विल्किन, माझा नातू. बारा वर्षांचा. तोही डावरा.

मी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"तुझं डोकं फिरलंय का गं? तुला सगळं ठाऊक आहे ना? घर कुणाचं, साखळी कुणाची, मामाच्या हाताचं काय झालंय?"

"ठाऊक आहे."

"त्या मैदानावर पोरांना ताकदीच्या कसल्या सुया टोचतात ते?"

"आई, सोड." तिचे डोळे झोपेने लाल होते. "मामाकडे होतं तरी ना काही वर्षं? माझ्याकडे काय आहे? शिलाईचं मशीन, तेही कारखान्याचं."

ती परत रांगेत जाऊन उभी राहिली. मी तडक भावाकडे गेले आणि त्याच्या कानाशी वाकले.

"खरं सांग यांना. आज सांग."

त्यालाही विल्किन दिसला होता. चेहरा उतरला होता. "मग झोपायचं कुठे गं आपण?"

"रस्त्यावर झोपू. पोराचा हात वाचव."

विल्फ्रिदोशेठ पायरीवर उभा राहून आपलं नेहमीचं पुराण लावत होता, हा बघा डावरा, उसाच्या मळ्यातून निघाला आणि कुठे पोचला. माझा भाऊ उठला. उजव्या हाताने साखळीशी झटापट करू लागला, ती काही सुटेना. शेवटी मला म्हणाला, "ताई, काढ." मी काढली.

"ही याची आहे," तो विल्फ्रिदोकडे बघून म्हणाला. "घर याचं आहे. मी मागच्या खोलीत राहतो. हा शर्ट मला माझी बहीण घालते." त्याने डावा हात वर करायला घेतला. छातीपर्यंत आला आणि थांबला. "इतकाच येतो. कुशीवर झोपता येत नाही मला. तुमच्या पोरांच्या वयाचा होतो तेव्हा ह्यानेच मला पहिली सुई टोचली. घरी घेऊन जा पोरांना. पाया पडतो तुमच्या."

विल्फ्रिदो तोंड उघडं टाकून उभा. मला तर वाटलं, जिंकलो! आता सामान बांधावं लागणार, पण जिंकलो.

मग पुढचा एक माणूस टोपी हातात घेऊन बोलला. ऊसतोडीवाला, बोटं काळी पडलेली.

"साहेब, पण होतं ना हे सगळं तुमचं? एकदा तरी?"

माझ्या भावाला खोटं बोलायला इथेच काय धाड भरली होती? पण त्या दिवशी तो खरं बोलायला उभा राहिला होता ना.

"होतं," तो म्हणाला.

"बास की मग," तो माणूस म्हणाला, आणि पोराच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे सरकवलं. त्याच्यामागे दुसरा सरकला. मग नोएमीने विल्किनचा हात धरला. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी विल्फ्रिदोशेठ आला तेव्हा मी खरंच बोचकं बांधून बसले होते. तो रागावला असता तर बरं झालं असतं. खुशीत होता, हातात रमची बाटली.

"एकसुद्धा परत गेला नाही रे! लोकांना खरा माणूस आवडतो. पुढच्या रविवारी हेच बोल. फक्त साखळी काढतोस ना, तेव्हा घाई करू नकोस. बघू दे जरा सगळ्यांना."

माझ्या भावाने बाटलीला हात लावला नाही. पण पुढच्या रविवारी डबी आली तेव्हा मान पुढे केली. जाणार कुठे आम्ही? त्याला साखळी मी घालते, ती काढायची वेळ आली की मीच काढते. बायका डोळे पुसतात आणि पोरांना पुढे ढकलतात.

विल्किन आता अकादमीतच राहतो. आठवड्यातून एकदा टेकडी चढून आमच्याकडे जेवायला येतो. उंच झालाय, खांदे भरलेत, पुरुषासारखा दिसायला लागलाय. परवा आला तो घामाने निथळत, अकादमीचा घट्ट बनियन अंगात. आम्ही जेवायला बसणारच होतो. तो दारातच घुटमळला, मामाआजोबाकडे बघून ओशाळं हसला आणि माझ्याजवळ आला.

"आजी, हा जरा डोक्यावरून काढून दे ना गं. आज हात वर जात नाहीये."

माझ्या भावाने ताट बाजूला सारलं आणि उठून मागच्या खोलीत गेला. मी बनियन काढून दिला.