पत्र्यापलीकडून

बाजारात त्या दोघांना नावाने कुणी ओळखतच नसे. तो पाइपवाला आणि ती वायरवाली. गिऱ्हाइकाच्या ऑर्डरप्रमाणे मोठाले कम्प्युटर जुळवायचं त्यांचं दुकान. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. तो कॅबिनेटच्या पुढच्या अंगाला स्टुलावर बसून मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डं बसवी, मशीन गार ठेवणारं पाणी खेळवायचे पाइप वाकवी. ती मागच्या अंगाला बसून वायरींचं जंजाळ सांभाळी. मधे कॅबिनेटचा उभा पत्रा. सत्तावीस वर्षं त्यांचा संसार असा पत्र्याच्या आरपार चालला होता, आणि भांडणंसुद्धा तशीच, एकमेकांचं तोंड न बघता.

कामाची रीत ठरलेली होती. ती पत्र्याच्या भोकातून वायर पुढे सारी. हातात आली की तो पत्र्यावर दोन टिचक्या मारी, म्हणजे मिळाली, सोड. एक टिचकी म्हणजे थांब. गिऱ्हाइकं विचारत, “तुम्ही एकमेकांशी बोलत नाही का हो कधी?” ती म्हणे, “बोलायला लागलो तर तुमचं मशीन पुढच्या वर्षी मिळेल.”

तीन महिन्यांपूर्वी एका कार्टूनवाल्याचं काम चालू होतं. मुलांसाठी सिनेमे काढणारा माणूस, त्याला दोन ग्राफिक्स कार्डं हवी होती, पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारे तीन रेडिएटर हवे होते, कॅबिनेट तर लहानशा कपाटाएवढं. नवरा सकाळपासून घाई करत होता आणि तिच्या नाकावर राग होता. दुपारी पलीकडून टिचक्या आल्या. एक नाही, दोन नाहीत, चार, मग पाच, वेड्यावाकड्या.

“वाजवा, वाजवा! मला काय चार हात आहेत?” ती ओरडली, आणि मुद्दामच उठली नाही.

दहा मिनिटांनी ती पलीकडे गेली तेव्हा तो स्टुलाशेजारी फरशीवर पडलेला होता.

सगळ्यांना तिने सांगितलं, एका क्षणात गेले हो, मी जवळच होते. लेकीलाही तेच सांगितलं. लेक बिचारी त्या एका क्षणावर तगून राहिली. बाबांना काही कळलंसुद्धा नसेल, असं ती फोनवर पुन्हा पुन्हा म्हणे आणि आई हुंकार भरी. कधीतरी लेकीला खरं सांगावं लागेल, आणि सांगितलं की लेक तुटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कार्टूनवाला भला माणूस. अडीच महिने त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मग एक दिवस चाचरत विचारलं, आणि तिने कॅबिनेटवरची चादर काढली. मनाशी म्हटलं, मागून वायर सारायची, उठून पुढे जायचं, जोडायची, परत मागे यायचं. वेळ लागेल, पण होईल.

पहिलीच वायर तिने भोकातून सारली आणि ती तिच्या बोटांतून हळूच पुढे ओढली गेली. पत्र्यावर दोन टिचक्या वाजल्या.

घाबरायच्या आधी तिला बरं वाटलं, हे तिने स्वतःशीसुद्धा कधी नाकारलं नाही. दुसरी वायर दिली, तीही घेतली गेली. उठून बघायची हिंमत झाली ती तासाभराने. पलीकडे रिकामं स्टूल, आणि वायरी जिथल्या तिथे, त्याच्याच पद्धतीने डाव्या अंगाने वळवून बसवलेल्या. ती परत आपल्या जागी जाऊन बसली आणि पुढची वायर उचलली.

पण देण्यासारखं काही उरलं नाही की टिचक्या बदलत. चार, मग पाच, वेड्यावाकड्या. कान बंद केले तरी त्या पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून तिच्या कोपरात येत. हातात काम असलं की तो तिला हाक मारत नसे, एवढं तिला दोन दिवसांत कळून चुकलं. मग काय, रोज सकाळी ती सात-आठ वायरी उपसून काढी आणि दिवसभर पुन्हा देत बसे. कार्टूनवाल्याला सांगे, उद्या नक्की. असे अकरा ‘उद्या’ झाल्यावर त्याने परगावी तिच्या लेकीला फोन केला.

लेक सकाळच्या गाडीने आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने कॅबिनेटभोवती एक फेरी मारली.

“आई, हे तर झालंय की! कार्डांच्या दोन वायरी तेवढ्या राहिल्यात. त्याही तूच काढलेल्या दिसतायत, कशाला?”

“तपासत होते.”

“बारा दिवस? बरं, चल, मी बाबांच्या जागी बसते. जेवायच्या आत उरकून टाकू.”

“तिथे नको बसूस.”

“का? स्टुलाला काटे आहेत?” असं म्हणून ती बसलीसुद्धा. हट्टात बापावर गेलेली.

आईने पहिली वायर सारली. दोन टिचक्या आल्या. लेकीला रीत लहानपणापासून पाठ होती. आईचा जीव भांड्यात पडला. निदान आज पलीकडे जिवंत हात होता. तिने दुसरी, शेवटची वायर सारली आणि हात मांडीवर ठेवले.

“सोड ना गं, आई.”

“सोडलीये.”

“कुठे सोडलीयेस? इतकी काय घट्ट धरलीस!”

आईने आपल्या दोन्ही रिकाम्या हातांकडे पाहिलं. भोकाच्या कडेला बसवलेल्या रबरापाशी वायर ताठ झाली होती, थरथरत होती. मग एकदम सैल पडली आणि पुढे गेली. पलीकडे कार्डात खटका बसल्याचा आवाज आला. आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चार टिचक्या वाजल्या. मग पाच.

“ऐकतेय मी,” लेक म्हणाली. “काय हवंय? कशाला वाजवतेस?”

“मी नाही वाजवत.”

“मग कोण? मी तर...” लेकीचा आवाज मधेच थांबला. पुन्हा टिचक्या आल्या, या वेळी जास्त जोरात. लेकीने कुजबुजत विचारलं, “आई, हे काय आहे?”

आता खोटं बोलायला आईच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. तोंड दिसत नव्हतं, हेही बरंच झालं.

“तुझे बाबा आहेत,” ती म्हणाली. “त्या दिवशीही असंच वाजवत होते. मला बोलावत होते गं. मला वाटलं, घाई करतायत. मी ओरडले त्यांच्यावर, आणि उठले नाही. एका क्षणात नाही गेले ते. मी तुला खोटं सांगितलं.”

टिचक्या थांबल्या.

“किती वेळ?” लेकीने विचारलं.

“दहा मिनिटं. घड्याळ समोरच होतं.”

पलीकडून शब्द आला नाही. स्टूल कुरकुरलं नाही, श्वासाचासुद्धा आवाज नाही. आई उठली ती खुर्ची पाडूनच, टेबलाचा कोपरा कमरेत घुसला तरी थांबली नाही.

लेक स्टुलावर ताठ बसली होती. तळहात पत्र्यावर सपाट दाबून धरला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मला हात लावू नकोस,” ती म्हणाली.

आईने लावला नाही. तीन महिने तिने स्टुलाशेजारची जी फरशी झाडताना वगळली होती, तिच्यावरच ती खाली बसली. बाहेर कुणीतरी दुकान उघडं आहे का म्हणून डोकावलं आणि परत गेलं.

“त्या दहा मिनिटांत तू काय करत होतीस?” लेकीने तिच्याकडे न बघता विचारलं.

“वायरींचा गठ्ठा बांधत होते,” आई म्हणाली. “आधी बांधला होता, तो वाकडा दिसत होता.”