मुलांच्या तोंडून

पाहणीवाल्या ताई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं. वाईट असत्या तर चिमणीच्या आईला त्यांना चार शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं.

शाळेत काय हवं, काय नको, हे ताई मुलांनाच विचारत होत्या. मोठ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, असा नियम. नियम चांगलाच होता. एरवी मुलांना विचारतं कोण?

शिवणकारखान्यात काजं करणारी आई अर्धी रजा टाकून आली होती. तिच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तरी घरात सगळे तिला चिमणीच म्हणत, कारण तिचे हात दिवसभर बडबडत असत. हातांनी बोलायला शिकवणाऱ्या बाई नुकत्याच शाळेत आठवड्यातून एकदा येऊ लागल्या होत्या. त्यांना पुढे ठेवायचं की नाही, ते या पाहणीवर ठरणार होतं.

चिमणीची पाळी आली. ताईंनी रेकॉर्डर पुढे सरकवला आणि चिमणीचे हात जे सुरू झाले ते थांबेचनात.

"ती म्हणतेय, बाई रोज यायला हव्यात," आई म्हणाली.

"आई, तुम्ही नका ना सांगू. तिचं तिला बोलू द्या."

"अहो, बोलतेच आहे की ती."

ताईंचा चेहरा पडला. "मला दिसतंय हो. पण घरच्यांनी सांगितलेलं उत्तर धरता येत नाही. काय करू?"

रेकॉर्डरमध्ये उतरली ती पंख्याची घरघर आणि या दोघींचं बोलणं.

अहवाल आला. मुलांनी मैदान मागितलं होतं, स्वच्छ संडास मागितले होते. हातांच्या बाई कुणीच मागितल्या नव्हत्या. बाईंचं येणं बंद झालं. आईने शाळेचे उंबरठे झिजवले, तर मुख्याध्यापक खाली बघत म्हणाले, "मुलांचीच मागणी नाही, तर आम्ही तरी काय करणार?" आपण मध्ये बोललो म्हणूनच बिनसलं, असं त्या माउलीने मनाला लावून घेतलं. खरं तर तिची काडीचीही चूक नव्हती.

बाईंच्या वाराला चिमणी दप्तर घेऊन दारात उभी राहिली. तिच्या हातांनी विचारलं, बाई कधी येणार? मी सांगितलं होतं ना त्या ताईंना?

लेकीच्या हातांतला शब्द न् शब्द आईला कळत होता. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिने नकारार्थी मान हलवली: नाही कळलं.

चिमणीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने फ्रॉकला हात पुसले आणि पुन्हा, अगदी सावकाश, विचारलं.