मला हूं म्हणता येत नाही

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला तुमची कीव नको. अंगावर धूळ आहे, एक बटण तुटलंय, तरी मी रडगाणं गायला बसलेलो नाही. ज्या कामासाठी मला विकत आणलं ते काम मी केलं नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

कारखान्यात माझे स्क्रू आवळले गेले, पोटात मोटर बसली आणि कोल्हापुरातल्या एका दुकानाच्या काचेमागे मी चकचकीत उभा राहिलो. १९९३ साली बाळासोंनी मला गडमुडशिंगीच्या घरी आणलं. घरात त्यांचे वडील पिराजी होते आणि पहिलीतली मुलगी स्वप्नाली. ती रोज आज्जाच्या कुशीत झोपायची आणि आज्जा तिला आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचा. गुऱ्हाळावर चोरून काकवी पिताना जीभ कशी भाजली, कुणाच्या शेतातला ऊस मोडताना कसा सापडला, असलं सगळं. नियम एकच. ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. हूं थांबलं की पोर झोपलं, आणि गोष्टही तिथंच थांबायची.

मी येण्याआधी एकदा शाळेत बाईंनी तिला विचारलं, "काल का आली नाहीस?" ती ठसक्यात म्हणाली, "मी आज्जासंगं बिद्रीला गेलतो." आमच्याकडं घरात पोरीही 'गेलतो'च म्हणतात, पण शाळेत वर्ग हसला. बाईंनी बाळासोंना बोलावून घेतलं, आणि घरी येऊन ते वडिलांवर घसरले. "आबा, तुमच्या गोष्टींनी पोरीची भाषा बिघडाय लागलीया. आजपास्नं गोष्टी बंद!" आपण स्वतः कुठल्या भाषेत ओरडतोय हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"मग काय मुक्यानं झोपवू व्हय तिला?" पिराजी म्हणाले.

त्याचं उत्तर म्हणून मी आलो. माझ्या पोटात शुद्ध मराठीतल्या राजपुत्राची कॅसेट होती. पहिल्या रात्री मी ऐटीत सुरू झालो. स्वप्नाली "हूं" म्हणाली, मी पुढे गेलो. तिनं विचारलं, "राजपुत्र जेवला का?" मी पुढेच गेलो. मग ती गप्प झाली. झोपली नव्हती, भिंतीकडं तोंड करून मुसमुसत होती. बाहेर सोप्यात म्हातारा उगीच खोकत बसला होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॅसेटची फीत चावली. मुद्दाम. बाळासोंनी पेन्सिल घालून ती गुंडाळली, मी परत चावली. मेकॅनिक म्हणाला, हेड घाण झालंय. कसलं घाण! त्यानं पुसून दिलं, मी पुन्हा चावली. घरात मार बसतो तो बोलणाऱ्याला, बिघडणाऱ्याला कोण काय करणार?

शेवटी बाळासोंनी तोडगा काढला. कोरी कॅसेट आणली. "आबा, एक गोष्ट नीट, शुद्ध बोलत ह्यात भरून द्या. रोज घसा शिणवाय नको." आवाज मध्ये येऊ नये म्हणून स्वप्नालीला बाहेर बसवलं. पिराजी माझ्यापुढं मांडी घालून बसले. "जत्रा हुती. मी नवा सदरा घालून म्हस धुवाय गेलतो. पाठीवर बसलो, आनि म्हस जाऊन मधल्या पाण्यात बसली की!" ते थांबले. वाट बघितली. मी फिरत राहिलो. "हूं म्हन की," ते मला म्हणाले. मी काय म्हणणार? "बाळासो, ह्यो तुजा डबा मुका हाय. मुक्याला मी गोष्ट सांगत न्हाय." आणि माझं बटण बंद करून ताडकन उठून बाहेर गेले, नातीला मांडीवर घेऊन उरलेली गोष्ट मोठ्यानं सांगितली. बाळासो दारात उभे राहिले, पण अडवलं मात्र नाही.

मी माळ्यावर गेलो, कांद्यांच्या शेजारी. खाली पिराजी जिवंत होते तोवर गोष्टी चालू राहिल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढं पिराजी गेले. स्वप्नालीचं लग्न झालं. २००९ च्या दिवाळीत ती आपल्या लेकीला, छोट्या शर्वरीला, घेऊन माहेरी आली. पोरगी टीव्हीवरच्या कार्टूनशिवाय झोपेना. तेव्हा केस पांढरे झालेले बाळासो स्वतः शिडीवर चढले आणि मला खाली घेऊन आले. वडिलांचा आवाज ऐकायचा होता त्यांना, दुसरं काही नाही.

मी सगळा जोर लावला. फीत चावली नाही. "म्हस जाऊन मधल्या पाण्यात बसली की!" पिराजी म्हणाले. "हूं म्हन की."

"हूं," शर्वरी म्हणाली.

पुढं म्हाताऱ्याचा तो 'डबा मुका हाय' टोमणा वाजला, आणि मग नुसती खरखर. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मग आजोबांकडं वळली. "आज्जा, म्हैस उठली का?"

बाळासोंनी मला बंद केलं. डोळे पुसले. "कुटली उठतीया!" ते म्हणाले. "जत्रा सुटाय आली, सदरा भिजला, तरी ती बसल्यालीच."

"हूं," शर्वरी म्हणाली.

"हूं," दारातून स्वप्नाली म्हणाली. "सांगा बाबा, मी पन ऐकतो."

मित्रांनो, मला पुसू नका, दुरुस्त करू नका. भंगारात घातलंत तरी माझी तक्रार नाही. पण घरात कुणी गोष्ट सांगायला बसलं, तर तेवढं हूं म्हणा. मला ते कधीच जमलं नाही.