थोरलीला आग्रह

सासरेबुवांना मुलाच्या घरी राहायला येऊन सहा महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्या घराने त्यांच्याकडून काडीचं काम करून घेतलं नव्हतं. कप विसळायला उठावं तर सून तो हातातून काढून घेई. कपडे वाळत घालायला जावं तर मुलगा धावत येई. दोघंही मायेनेच करत, त्यात खोट नव्हती. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळांची पोटं उघडली, त्याने मांडीवर हात ठेवून करायचं काय? "देवाला बसून राहणं शोभतं," सासरेबुवा म्हणायचे, "त्याच्यामागे जग चालू असतं. माझ्यामागे पंखासुद्धा तुम्हीच चालू करता."

म्हणून सून सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली आणि 'माझ्या पोरींना खायला कोण घालणार' असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा सासरेबुवा सोफ्यावरून ताडकन उठले. "मी!"

आता या पोरी कोण, ते आधी सांगायला हवं. मागच्या खोलीत काचेच्या तीन पेट्या होत्या आणि त्यांत तीन टॅरेंट्युला राहत होत्या. केसाळ, आठ पायांच्या, तळहात व्यापतील अशा कोळिणी. थोरली, मधली आणि धाकटी. सून कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांच्या दातांशी झटून घरी आली की या तिघींसमोर बसूनच तिचा शीण उतरायचा. मुलगा पूल बांधणारा, सहा फुटी गडी. पण लग्न झाल्यापासून त्याने त्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातली कुजबुज सासरेबुवांच्या कानांवर पडली.

"बाबांना जमेल का गं?"

"बघू. नाही जमलं तर पुढच्या वेळी प्राण्यांच्या दुकानात नेऊन ठेवीन. तिथे सांभाळतात."

झालं! आता हे काम हातचं गेलं तर पुन्हा सोफा, हे सासरेबुवांना उमगलं. त्या क्षणी त्यांनी मनाशी गाठ मारली की परत येईल तेव्हा सूनबाईला तिघी पोरी टुणटुणीत दिसल्या पाहिजेत.

सुनेने कपाटावर यादी चिकटवली होती. थोरलीला एक झुरळ. मधलीला दोन रातकिडे. धाकटीला एक अळी, अर्धी कापून. खाली दोन रेघा मारून एक वाक्य होतं : खाल्लं नाही तर लगेच बाहेर काढा.

पहिल्या दिवशी सासरेबुवा अंघोळ करून, बाह्या दुमडून आपला जुना चिमटा घेऊन खोलीत शिरले. खुराकाच्या डब्यातलं एक गलेलठ्ठ झुरळ उचललं आणि त्याला नमस्कार केला. "बाबा रे, माफ कर. तिचं पोट तिला ज्याने दिलं त्यानेच तुला हे अंग दिलंय, मी मध्ये नुसता वाढपी. वाटलं तर पुढच्या जन्मी तू मला खा."

"काय बोलताय?" दाराबाहेरून मुलाने विचारलं.

"तुझ्या कामाचं नाही."

मधलीने रातकिड्यावर अशी झडप घातली की सासरेबुवांच्या हातातला चिमटा उडाला. धाकटीने अळीचा तुकडा शहाण्या मुलीसारखा ओढून नेला. थोरली मात्र झुरळाकडे ढुंकूनही बघेना. झुरळ तिच्या पायावरून चालत गेलं, तेव्हा तिने तो पाय जरासा बाजूला घेतला, एखाद्या बाईने गर्दीत पदर सावरावा तसा.

यादीप्रमाणे झुरळ तिथल्या तिथे बाहेर यायला हवं होतं. पण सासरेबुवांचा हात पुढे होईना. न जेवलेल्या माणसासमोरचं भरलं ताट उचलायचं? त्यांच्या हयातीत असं पाप त्यांच्या हातून घडलं नव्हतं. दुकानात घड्याळ द्यायला आलेलं गिऱ्हाइकसुद्धा त्यांच्या डब्यातले दोन घास खाऊन जायचं. कुणी नको म्हटलं की त्याला लाज वाटते आहे, नाहीतर पदार्थ आवडलेला नाही, एवढीच दोन कारणं त्यांना ठाऊक होती. उपाय एकच, आग्रह!

"रोज रोज झुरळ खाऊन कंटाळली असेल बिचारी," ते म्हणाले आणि एक रातकिडा सोडला. नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक, जरा तरुण. नाही. मग प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणात एक अळी वाढली, मातीत शिरू नये म्हणून. तीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्राण्यांच्या दुकानातून खास हिरवागार नाकतोडा आणला. मुलाने गाडीत तो डबा मांडीवर घ्यायला नकार दिला, म्हणून तो सासरेबुवांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि वाटभर त्याला धीर दिला.

थोरलीच्या पेटीत पाच पदार्थांची पंगत बसली आणि जेवणारी कोपऱ्यात तोंड फिरवून बसली.

त्याच दुपारी सुनेचा फोन आला. "बाबा, पोरी काय म्हणतात?"

"मजेत."

"थोरलीने खाल्लं?"

इथे सासरेबुवांचं मन कचरलं. नाही म्हणावं तर नापास. "खाल्लं म्हणजे काय," ते म्हणाले, "चाटूनपुसून! झुरळ खाल्लं, वर रातकिडे मागितले. आज तर नाकतोडासुद्धा फस्त केला." आणि हे सगळं ते सुनेनेच करून दिलेल्या दातांतून बोलले, ही त्यातली शरमेची बाब.

सून गोड आवाजात म्हणाली, "वा. जीव भांड्यात पडला. नाहीतर मला धास्ती होती. खाणं सोडलं की समजायचं, ती कात टाकणार. तेव्हा ती पाठीवर उलटी पडते, तासन्‌तास, पायसुद्धा हलवता येत नाही. आणि आत एखादा जिवंत किडा राहिला ना बाबा, तर तोच तिला कुरतडतो. रातकिडे तर फारच वाईट. पण तुम्ही म्हणता ती खातेय, मग प्रश्नच नाही. ठेवते."

सासरेबुवांनी फोन ठेवला तो सोफ्याऐवजी हवेत. मुलाने तो खाली पडता पडता झेलला.

"काय झालं?"

"मी माझ्या हाताने तिच्या घरात पाच मारेकरी पाठवलेत!"

मागच्या खोलीत नाकतोडा पेटीच्या जाळीलाच चिकटला होता, तो सहज हाती लागला. अळी झाकणासकट बाहेर आली. झुरळ मातीत अर्धं रुतलं होतं. घड्याळातला स्प्रिंगचा तुकडा काढावा तसं त्यांनी ते अलगद उपसलं. एक रातकिडा पाण्याच्या वाटीमागे सापडला. चार झाले. पाचवा दिसेना, आणि तेवढ्यात थोरलीने खाली विणलेल्या रेशमी चटईवर सावकाश कूस बदलली, आठही पाय वर केले आणि पाठीवर पडली.

कोपऱ्यातल्या झाडाच्या सालीमागून किर्र आवाज आला.

"तिथेच बसलाय मेला," सासरेबुवा कुजबुजले. साल उचलावी तर चटईची कड सालीलाच बांधलेली. धक्का लागला तर थोरली हलणार. तिच्या पायांपासून त्या आवाजापर्यंत जेमतेम चार बोटांची वाट.

"तिला फोन लावा," उंबरठ्याबाहेरून मुलगा म्हणाला.

"लावतो की. पण काय सांगू? फस्त झालेला नाकतोडा डब्यात उड्या मारतोय म्हणून?"

वीस मिनिटं त्यांनी एकट्याने खटपट केली. चिमटा सालीमागे जाईना. गाजराचा तुकडा दाखवला, रातकिडा मिशा हलवून आत सरकला. मग तो थोरलीच्या दिशेने दोन पावलं बाहेर आला, आणि सासरेबुवांनी चिमटा खाली ठेवला. आपली नोकरी गेली तर गेली. हा मुका जीव उताणा पडलाय तो माझ्या भरवशावर. देवापुढे जाऊन मी काय सांगू, की अब्रू वाचवत होतो?

"लाव रे फोन. चित्र दिसतं तसला."

सून पडद्यावर आली. सासरेबुवांनी हात जोडले. "पोरी, मी तुझ्याशी खोटं..."

"आत कोण राहिलाय?" सून म्हणाली.

"आं?"

"बाबा, थोरलीने जन्मात नाकतोडा खाल्लेला नाही. दोनदा दिला होता, दोन्ही वेळेला तिने पाण्यात बुडवून ठेवला. तुम्ही नाकतोडा म्हणालात तेव्हाच मला कळलं. वाटलं, दहा मिनिटांत फोन येईल. तुम्ही तर माझा घामच काढलात! मी स्टेशनच्या रस्त्याला लागलेय. दाखवा मला."

फोन धरायचं काम मुलाचं. त्याने हात लांब करून फोन खोलीत घातला आणि डोळे मिटले.

"मला छत दिसतंय," सून म्हणाली. "अहो, खाली! आता तुमचा पाय दिसतोय."

"डोळे उघड, गाढवा," सासरेबुवा म्हणाले. "पूल असाच बांधतोस का?"

सालीला हात लावायचा नाही, हे सुनेचंही म्हणणं पडलं. रातकिडे डब्यात पुठ्ठ्याच्या घड्यांत दडून बसतात, ते सासरेबुवांनी तीन दिवस पाहिलं होतं. "त्याला अंधार आवडतो ना?" ते म्हणाले. "मग आपण त्याला एक अंधार देऊ, आणि बाकी सगळा उजेड." त्यांनी पुठ्ठ्याची बोटभर नळी वळली, एक तोंड बंद केलं, आत गाजर ठेवलं, आणि सालीच्या मोकळ्या कडेशी नळी टेकवली. मग घड्याळांचं जुनं भिंग डोळ्याला चढवून त्याला जोडलेला बारीक दिवा लावला आणि उजेडाची सुई दुसऱ्या बाजूने सालीमागे सोडली.

सासरेबुवा ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होते, पण हात तसूभर हलत नव्हता. रातकिडा उजेडाला पाठ दाखवून मागे सरकला. थांबला. थोरलीच्या पायाकडे तोंड केलं. सासरेबुवांनी सुई केसभर वळवली. तो वळला आणि टुणकन नळीत शिरला. अंगठ्याने नळीचं तोंड बंद झालं, आणि ती पेटीबाहेर निघाली तेव्हा चटईचा एक धागासुद्धा थरथरला नाही.

"बाबा," सून म्हणाली, "असा हात मी आमच्या कारखान्यात पाहिला नाही."

त्या दुपारी चार तास तिघांनी मिळून, सुनेने पडद्यातून, थोरलीला पाहिलं. पाठीवरची ढाल उचकटली, मग एकेक पाय मोज्यातून ओढावा तसा जुन्या कातीतून निघाला. निम्म्यात मुलाचा एक डोळा उघडला, मग दुसरा. शेवटी तर तो उंबरठ्याच्या आत आला होता, आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही.

सून दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचली, चपला न काढता मागच्या खोलीत गेली. थोरली नव्या मखमलीत, दमलेली बसली होती. शेजारी तिची जुनी कात, अगदी दुसरी थोरली वाटावी अशी.

"दहा दिवस हिला काही द्यायचं नाही," सून म्हणाली. "दात मऊ आहेत. आणि त्यानंतर यादीबाहेरचं काही नाही. कबूल?"

"म्हणजे," सासरेबुवांनी जपून विचारलं, "त्यानंतरही मीच?"

"मग कोण? हा?" तिने उंबरठ्याकडे बोट केलं. "आणि त्या पाचव्याचं काय केलंत? मधलीला दिला?"

ओठांवर 'हो' आलं होतं. सासरेबुवांनी ते गिळलं. "नाही. माझ्या खोलीत आहे. गाजर खातो."

"बरं. एकटाच?"

"दुसराही आहे."

"आणि नाकतोडा?"

"त्यालाही कसं घालवणार? पाहुणा म्हणून बोलावला, उपाशी बसवला..."

"अळी?"

"आहे."

सुनेने कमरेवर हात ठेवले. "बाबा. झुरळ?"

सासरेबुवा तिच्या चपलांकडे बघत म्हणाले, "माझ्या जुन्या घड्याळांच्या खोक्यात. त्याला मी पुढच्या जन्माचा शब्द दिलाय गं, या जन्मात चुकवून कसं चालेल?"

सून हसू दाबत कपाटाकडे वळली, एक रिकामा डबा काढून त्यांच्या हातात दिला. "झाकणाला भोकं पाडा. लहान पाडा हं."

"बाबा," उंबरठ्याबाहेरून मुलाचा बारीक आवाज आला, "ते खोकं बंद होतं का नीट?"