अरुणकाकांचं ग्रीक

"विश्वास नाही बसणार तुमचा, पण फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात मी ग्रीक पोथी अशी घडाघडा वाचली, की म्हातारा ग्रंथपाल रडायला लागला."

अमेरिकेतल्या आयसेलिन गावी मराठी ज्येष्ठांच्या बैठकीत अरुणकाकांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं, की ग्रंथपालाचे अश्रू आता एका रुमालात मावत नव्हते. खरं एवढंच, की हे निवृत्त इंजिनिअर फ्लॉरेन्सला टूरबरोबर चार तास होते, आणि त्यातला दीड तास बाथरूमच्या रांगेत गेला.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण नात अनयाने ते मनावर घेतलं. आजोबांसारखं व्हायचं म्हणून तिने कम्प्युटर सायन्स सोडलं, आईबापांशी भांडली, आणि येत्या ऑगस्टपासून कॉलेजात ग्रीक शिकणार होती. आज ती बैठकीला एका ग्रीक पानाची झेरॉक्स घेऊनच आली. अडखळत्या मराठीत तिने सगळ्यांना सांगितलं, की सहाशे वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या गुरूंपुढे इटलीतले मोठमोठे विद्वान पोरांसारखे बसले, ग्रीक शिकले, आणि त्यांची विचार करायची तऱ्हाच पालटली. त्याआधीच्या एका थोर विद्वानाकडे ग्रीक काव्याची पोथी होती. वाचता येईना, म्हणून तो ती नुसती छातीशी धरायचा. तसं त्याने पत्रात स्वतःच लिहून ठेवलंय.

मग तिने कागद काकांपुढे ठेवला आणि फोन रेकॉर्डिंगला लावला. प्रोफेसरांना पाठवायचं होतं.

"यू कॅन रीड इट, आजोबा. वाचा ना."

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोथी छातीशी धरणारा एवढा मोठा विद्वान, त्याला 'मला येत नाही' म्हणायची लाज वाटली नाही. आपणही आत्ता तेच म्हणावं, एका वाक्याचं तर काम. त्यांनी तोंड उघडलं. पण त्या तोंडाला खऱ्याची सवयच नव्हती. त्यातून बाहेर पडली ती साताऱ्याच्या शाळेत घोकलेली औटकी. साडेतीनचा तो पाढा ते घशातून घोगरा करून, प्रत्येक आकड्याला 'ओस'चं शेपूट लावत म्हणत सुटले. अनया डोळे मिटून ऐकत होती. काकांना मान वर करवेना, आणि थांबताही येईना.

साडेदहा झाले, चौदा झाले. अनयाचे ओठ त्यांच्यामागून हलू लागले, तसं काकांना जमीन दुभंगावी असं झालं.

इतकी वर्षं नवऱ्याच्या थापा ऐकून गप्प राहिलेल्या शुभाकाकूंनी पहिल्या रांगेतून हात लांब करून फोन पालथा घातला.

"अहो, पुरे. पोर पाठ करतेय ते. औटकी आहे ही."